यंत्रराजाचा फेटा

"अडली! परत अडली!" पप्पू ओरडला.

टिटवीची पुढची चाकं सतरंजीच्या जाड काठाशी नुसतीच गरगरत होती. टिटवी म्हणजे नांदूरघाटच्या शाळेत उन्हाळी शिबिरात मुलांनी बनवलेला रोबोट. बुटाच्या खोक्याएवढी गाडी, पुढं हँगरच्या तारेचा आकडा आणि काही आडवं आलं की टिटवीसारखा किंचाळणारा भोंगा. वायरी जोडल्या सायलीनं, मोबाइलवरून चालवायची शिवकन्येनं, आणि पप्पूनं सगळ्यात कष्टाचं काम केलं होतं. त्यानं तिला नाव दिलं होतं!

"ताई, हिला एवढीशी सतरंजी कावून चढता येत न्हाई?" त्यानं विचारलं.

"तुला पाय आहेत, तिला चाकं," धनश्रीताई हसल्या. शिबिर त्याच घेत होत्या. "रोबोट थकत नाही, घाबरत नाही. जिथं माणसानं जाऊ नये तिथं त्याला खुशाल पाठवावं. पण शिकवलं तेवढंच तो करतो. हे डोक्यात पक्कं ठेवलंत, तर रोबोटच्या नावानं तुम्हाला कुणी फसवू शकणार नाही."

आज शिबिराचा शेवटचा दिवस होता. पुण्याच्या एका कंपनीचा माणसाएवढा रोबोट, यंत्रराज, पाहुणा म्हणून येणार होता. शिवकन्येचा पाय तर जमिनीवर ठरत नव्हता. त्या कंपनीत तिचा वैजिनाथमामा कामाला होता आणि तोच यंत्रराजाला घेऊन येणार होता.

पण गाडीतून उतरला तो तानाजी, कंपनीचा दुसरा माणूस.

"माझा मामा कुठं हाय?" शिवकन्येनं धावत जाऊन विचारलं.

"तो ना... माजलगावलाच थांबलाय. कालच्या कार्यक्रमाचं सामान आवरतोय," तानाजी तिच्याकडं न बघताच म्हणाला. शिवकन्येचं तोंड एवढंसं झालं.

गाडीचं मागचं दार उघडलं आणि यंत्रराज डुलत डुलत बाहेर आला. पांढरंशुभ्र अंग, निळे चमकणारे डोळे! पत्र्याच्या शेडमध्ये टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

"न-म-स्का-र! मी यं-त्र-रा-ज!" छातीवरच्या भोंग्यातून खरखरीत आवाज आला.

तो सतरंजीशी आला, पाय उचलला आणि काठ ओलांडून गेला. सायलीच्या कपाळाला आठी पडली. "इतक्या झोकात? खाली बघितलंसुद्धा न्हाई!"

"महागाचा हाय बे तो!" पप्पू म्हणाला. एवढ्यात यंत्रराजाचं पाऊल पुढं बसलेल्या पप्पूच्या गुडघ्याला लागलं.

आणि यंत्रराजाचा हात झटकन कपाळाला गेला, मग छातीला.

क्षणभरच! लगेच हात खाली आला आणि तो खडखडत पुढं गेला. मोठ्यांपैकी कुणाच्या लक्षातही आलं नाही. पण तिघंही एकमेकांकडं बघत राहिले. कुणाला चुकून पाय लागला की आपण नमस्कार करतो, तसा नमस्कार रोबोटनं केला होता!

"हे त्याला कुणी शिकवलं असंल?" सायली पुटपुटली.

शिवकन्येनं तो नमस्कार ओळखला. आधी कपाळ, मग छाती. ती लहान असताना मामानं तिला अगदी असाच नमस्कार शिकवला होता.

तेवढ्यात राधाकिशन सर पुढं आले. शाळेचे मुख्याध्यापक, आणि फेटा बांधण्यात पंचक्रोशीत त्यांचा हात कुणी धरत नसे. "पाहुणा म्हटला की सत्कार आलाच. मग तो लोखंडाचा का असेना!" त्यांनी यंत्रराजाच्या डोक्याला भगवा फेटा आवळून बांधला. मागं लोंबणारा शेमला पार पोटरीपर्यंत सोडला. वर गळ्याभोवती जाड शाल, शालीवर झेंडूचा हार. तानाजी तेव्हा बाहेर फोनवर बोलण्यात गुंग होता.

"आता अध्यक्ष अमरसिंह काका येईपर्यंत असंच उभं राहायचं," सर म्हणाले. शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष आल्याशिवाय कार्यक्रम सुरू करायची कुणाची हिंमत नव्हती. धनश्रीताईंनाही त्यांच्या स्वागताला थेट फाट्यावर पाठवलं होतं.

अध्यक्षांचा मात्र पत्ता नव्हता. मे महिन्याचं ऊन पत्र्यावर तापत होतं. पोरं वह्यांनी वारा घेत होती. मध्येच यंत्रराजाच्या भोंग्यातून आवाज आला, "त-ता-ना-जी... झा-लं... आ-ता..."

तानाजी पळत आला. त्यानं खिशातल्या रिमोटचं बटण दाबलं आणि आवाज बंद झाला. "बॅटरी उतरलीय, बाकी काही नाही!" यंत्रराजाभोवती त्यानं दोरी बांधली. "आत कुणी यायचं नाही. अंगात करंट आहे!"

"मग सरांनी फेटा बांधला तवा?" पप्पूनं विचारलं.

"तेव्हा बंद होता!"

यंत्रराजाच्या कोपरातून सतरंजीवर थेंब पडत होते. "ते तेल आहे," तानाजी म्हणाला आणि वळला. पप्पूनं दोरीखालून बोट घातलं, थेंब टिपला आणि सरळ जिभेला लावला.

"अरे शी!" सायली किंचाळली.

"खारट हाय," पप्पू हळूच म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू पार गेलं होतं. "तेल न्हाई. घाम हाय!"

शिवकन्या दोरीला चिकटून उभी राहिली. तिनं हाक मारली, "मामा! तू असशील तर बोट हलव."

पांढऱ्या जाड हातमोज्यातला अंगठा हलला. अगदी थोडा. मग तो हात लुळा पडल्यासारखा खाली लोंबू लागला.

सायलीनं वर पाहिलं. यंत्रराजाच्या डोक्यावर आणि मानेमागं बारीक छिद्रं होती, ती तिनं तो उतरतानाच पाहिली होती. आता डोक्यावर फेटा होता आणि मानेवर शाल. "शिवकन्ये, हवाच बंद झालीय! त्याला श्वास घेता येत न्हाई!"

शिवकन्या धावत सुटली. "सर! सर, आत माझा मामा हाय! तो गुदमरायलाय!"

"गप बस! अध्यक्षांची गाडी आली," सर फाटकाकडं बघत म्हणाले. "पाहुण्यांसमोर शाळेची शोभा करू नको!"

"पोरांच्या डोक्यात ऊन गेलंय," तानाजी घाईघाईनं म्हणाला, पण त्याचा चेहरा उतरला होता. "आणखी थोडाच वेळ..."

कर्ण्यावर स्वागतगीत मोठ्यानं वाजू लागलं. आता आतून कुणी ओरडलं असतं तरी ऐकू आलं नसतं. शिवकन्या दोरीखालून घुसायला गेली, तर दोन शिक्षकांनी तिला दंडाला धरून मागं ओढलं. "करंट लागेल! मरायचंय का?"

तिचे डोळे भरून आले. मोठी माणसं ऐकत नव्हती, आणि मामा समोर उभ्या उभ्या घुसमटत होता! काय करावं?

जिथं माणसानं जाऊ नये...

"टिटवी!" ती ओरडली. "सायली, टिटवी सोड! तिला करंट लागला तर लागू दे!"

सायलीनं टिटवी दोरीखालून आत ढकलली. शिवकन्येचे अंगठे मोबाइलवर धावू लागले. टिटवी सुसाट निघाली, आणि सतरंजीच्या काठाला अडली!

"पप्पू, पॅड!"

पप्पूनं परीक्षेचं पॅड सपकन चाकांपुढं सरकवलं. टिटवी त्यावरून वर चढली आणि यंत्रराजाच्या पायामागं गेली. शेमल्याचं टोक तिथंच लोंबत होतं. आकडा लागला, पण निसटला. यंत्रराज एका बाजूला झुकायला लागला होता.

"दमानं, शिवकन्ये, दमानं," सायली कुजबुजली.

दुसऱ्यांदा आकडा शेमल्यात घट्ट अडकला!

"ए! कुणाची ती गाडी?" तानाजी धावला. पप्पूनं त्याच्या दोन्ही पायांना मिठीच मारली. दोघंही धाडकन आडवे झाले.

टिटवी मागं मागं जाऊ लागली. शेमला ताणला. फेट्याचा एक वेढा सुटला, दुसरा सुटला, आणि सगळा फेटा हार तोडून शालीसकट खाली आला. टिटवी भगव्या ढिगात गुरफटली आणि जिवाच्या आकांतानं किंचाळायला लागली. तिचं किंचाळणं ऐकून कुणीतरी दचकून कर्णा बंद केला.

शेडमध्ये एकदम शांतता पसरली. आणि त्या शांततेत यंत्रराज बोलला. भोंग्यातून नाही, आतून.

"पाणी... पाणी द्या रे कुणी..."

राधाकिशन सरांच्या हातातलं स्वागताचं ताट खाली पडलं. "अरे देवा, माणूस हाय आत!" करंटबिरंट विसरून ते दोरी ओलांडून धावले. मानेमागचा, बाहेरूनच उघडणारा खटका त्यांनीच उघडला. डोकं निघालं, आणि घामानं निथळलेला वैजिनाथमामा त्यांच्या अंगावर कोसळला.

त्याला लिंबाच्या सावलीत निजवलं. कुणी पदरानं वारा घातला, कुणी लिंबू-साखरेचं पाणी आणलं. दवाखान्यातल्या डॉक्टरबाई आल्या, त्यांनी नाडी पाहिली. "वाचला. पण आणखी थोडा उशीर झाला असता, तर मला बोलावून उपयोग नव्हता."

हे ऐकून तानाजी डोक्याला हात लावून खालीच बसला. खऱ्या यंत्रराजाची मोटार आदल्या दिवशी माजलगावला जळाली होती. कंपनीची अब्रू जाऊ नये म्हणून त्यानं आतलं यंत्र काढून वैजिनाथला बसवलं होतं. "मला वाटलं, थोडा वेळच उभं राहायचंय," तो रडत म्हणाला. "फेट्यानं छिद्रं बुजली, हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

"ध्यानात माझ्याबी आलं न्हाई. पोर जीव तोडून सांगत होती आन् मी तिलाच गप केलं," राधाकिशन सर म्हणाले. त्यांना मान वर करवत नव्हती. "चुकलो, शिवकन्ये."

एव्हाना आत आलेले अमरसिंह काका पुढं झाले. "आन् मी वेळेवर आलो असतो तर एवढं झालंच नसतं," ते म्हणाले. मग तिघांच्या डोक्यावरून त्यांनी आळीपाळीनं हात फिरवला. "आमी सगळे शहाणे डोळे उघडे ठेवून आंधळे झालतो. तुमी पोरांनी माणूस वाचवला! आज सत्कार तुमचा. सर, फेटे आणा!"

"शाल द्या, नारळ द्या," मामा पडल्या पडल्या क्षीण आवाजात म्हणाला, "पण फेटा नको!"

सगळे खो खो हसले. धनश्रीताई हसता हसता डोळे पुसत होत्या. फाट्यावरून त्या नुकत्याच धावत आल्या होत्या. "शिकवलं तेवढंच रोबोट करतो," त्या म्हणाल्या. "पण माझ्या पोरांनी शिकवल्यापेक्षा जास्त केलं!"

शिवकन्येनं मामाचा हात घट्ट धरून ठेवला होता. "मामा, तू नमस्कार केला नसतास ना, तर आमाला कळलंच नसतं."

"कवा केला?" मामाला आठवतच नव्हतं.

तेवढ्यात पप्पूनं फेट्यातून सोडवलेली टिटवी गडगडत आली आणि मामाच्या तळपायाला धडकली. मामाचा हात आपोआप कपाळाला गेला, मग छातीला.