ट्यूबची पट्टी

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. पाहिलेलं आहे. मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरीही लिहिते आहे.

लातूर जिल्हा नवा होता. दुष्काळ पडला होता. ढगांत मीठ फवारून पाऊस पाडायला एक ठेकेदार छोटं विमान घेऊन चाकूरच्या माळावर आला. माझा भाऊ बसवंतअण्णा विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करायचा. विमानाचं कामही त्यालाच मिळालं.

पेट्रोलची नळी झिरपत होती. विहिरीवर करायचा तेच अण्णानं केलं. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून घट्ट गुंडाळली.

"नवी नळी आल्याशिवाय मी उडणार नाही," पायलट म्हणाला.

ठेकेदार हसला. "ढग काय तुमच्या नळीसाठी थांबून राहिलेत का, साहेब?"

"लई घट्ट हाय साहेब," अण्णा म्हणाला. "जावा बिनघोर."

पेट्रोलमध्ये ते रबर फुगतं, सैल पडतं. अण्णाला ते ठाऊक नव्हतं.

शेवटी पायलट उडाला. विमानाचा आवाज माळावर घुमत राहिला... आणि एकदम थांबला.

मग, धप्प.

पायलट जागीच गेला.

पुढे अण्णा माणिकप्पांकडे विहिरी खोदायला लागला. त्यांच्या यारीचं डिझेल इंजिन दोरावरच्या पाटीतून दगड आणि माणसं वर ओढायचं. एकदा भर दुपारी मी भाकरी घेऊन गेले. अण्णा तळाशी होता.

"आलीस का शिवकांता? वर येतो," तो खालून ओरडला. पाटी हलली.

तेवढ्यात विमानाचा आवाज आला...

मी वर पाहिलं. आभाळ रिकामं.

"माणिकप्पा, हे विमान कुठलं?"

"कसलं इमान? ऊन लागलं का पोरी?"

आवाज खाली खाली येत गेला. अगदी डोक्यावर...

आणि थांबला.

त्याच क्षणी यारीही बंद पडली. पाटी अर्ध्यात लटकली.

"डिझेल तर हाय की!" माणिकप्पा चिडले.

मी वाकले. डिझेलच्या नळीला काळी पट्टी गुंडाळलेली होती. फुगलेली, लिबलिबीत. मी ती ओढून काढली. पेट्रोलचा वास आला.

डिझेलच्या इंजिनाला... पेट्रोलचा वास.

"अण्णा, इथं ट्यूब तू बांधलीस?"

"न्हाई."



मग तो अगदी हळू म्हणाला, "शिवा... पाटीत अजून कुणीतरी हाय."

धप्प.

दोर तुटला नव्हता. पाटी कलली नव्हती. सरळ, संथ झुलत होती. रिकामी.

आता मी नांदेडला एकटी राहते. परवा भर दुपारी माझी स्कूटर बंद पडली. मेकॅनिकनं विचारलं, "ताई, पेट्रोलच्या नळीला ही ट्यूब कुणी गुंडाळली?"

मी हात लावला नाही. पण वास माझ्या बोटांना येत होता.

तेव्हापासून रोज दुपारी घरावर आवाज येतो. कालच्यापेक्षा आज खाली आहे.

हे लिहितानाही तो ऐकू येतोय...

अजून थांबलेला नाही.