मेत्सोच्या पंखांच्या रेघा

हेन्रिक्का आली तेव्हा मी चुलीशी बसून ओले मोजे वाळवत होतो. ती जंगल कचेरीतली बाई. तिच्या बापाबरोबर मी वीस वर्षं झाडं तोडली, म्हणून मला काका म्हणते. तिने कॉफी ओतून घेतली, काळ्या पावावर लोणी फासलं आणि नकाशा टेबलावर पसरला.

"काका, या नकाशात तुमच्या तळ्यामागच्या रानात एकही मेत्सो पक्षी नाही."

"नकाशा काढणारा कधी रानात आला होता?"

"आता विमानातून काढतात."

"मग बरोबर आहे. विमान बघून मेत्सोने बाहेर येऊन टोपी काढली नसेल."

ती हसली, पण लगेच गंभीर झाली. "जूनमध्ये झाडं तोडायची यंत्रं येणार आहेत. तिथे निदान तीन नर नाचतात असं दाखवलं, तरच रान वगळता येतं. तुम्ही ऐकलेलं चालत नाही. मला फोटो लागतो. उद्या नऊ वाजता येते, बर्फावरच्या पंखांच्या रेघा दाखवा. तीन वेगवेगळ्या ठिकाणी."

"आणि दोनच असल्या तर?"

"तर मी गप्प घरी जाईन, आणि तुम्ही मला शिव्या घालाल."

"शिव्या आत्ताच घालतो. उद्याची खात्री नाही."

ती गावात मुक्कामाला गेली आणि तासाभरात बर्फ पडायला लागला. एप्रिलचा शेवटचा आठवडा, आणि बर्फ! दोन बोटं जाडीचा नवा थर बसला. जुन्या खुणा होत्या नव्हत्या त्या सगळ्या गाडल्या गेल्या.

मी सातवीपर्यंत शिकलो. पुढचं रानाने शिकवलं, आणि थोडंफार हिवाळ्यात वाचून कळलं. पण एवढं मला कळतं की ज्या झाडाला वाढायला दोनशे वर्षं लागली त्याला 'लाकूडसाठा' म्हणणारा माणूस आपल्या आईला 'मांस' म्हणायलाही कचरणार नाही. हे मी कचेरीत सगळ्यांदेखत बोललो होतो. त्यांनी मला पाणी विचारलं.

तळ्यामागच्या त्या रानात मला आणि थोरल्या भावाला, ओइवाला, बापाने नेलं तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि ओइवा अकराचा. मेत्सो म्हणजे टर्कीएवढा काळा रानकोंबडा. वसंतात पहाटे पाइनच्या फांदीवर बसून गातो. आधी टकटक, मग बाटलीचं बूच उडाल्यासारखा एक आवाज, मग विळा दगडावर घासावा तशी घासणी. त्या घासणीच्या दोन-तीन क्षणांत तो ठार बहिरा असतो. तेवढ्यात दोन पावलं टाकायची आणि दगड होऊन उभं राहायचं. एक पाय वर राहिला तर तो वरच. बापाने हे आम्हाला घराच्या अंगणात शिकवलं, स्वतः तोंडाने घासणी काढून. आई खिडकीतून बघायची आणि म्हणायची, "तीन गाढवं झाली आता."

ओइवाला दोन पावलं पुरत नसत. तो तिसरं टाकायचाच. पक्षी उडायचा, बाप टोपीने त्याला बडवायचा, आणि घरी येताना ओइवा माझ्या कानात म्हणायचा, "अरे शेंबड्या, दोन पावलांनी कोण कुठे पोचलंय?"

तो पोचला यॉटेबोर्गला. इथल्या जमिनीत एकाचंच पोट भरत होतं. एकोणसत्तर साली तो बोटीने स्वीडनला गेला, कारखान्यात लागला, नऊ वर्षांनी तिथेच मेला आणि तिथेच पुरला. मी गेलो नाही. गाय व्यायली होती. हे कारण मी चाळीस वर्षं सांगत आलो आहे, आणि ते खोटं नाही. पुरेसंही नाही.

पहाटे साडेतीनला मी निघालो. आकाश तळ्याच्या बाजूने राखाडी झालं होतं. थंडी शून्याखाली सहा. नव्या बर्फाखाली जुना बर्फ कडक, माझं वजन पेलणारा. तळ्यावर बगळ्यासारखे उंच क्रौंच ओरडून गेले, मग सगळं शांत झालं. राळेचा वास नेहमीपेक्षा जास्त येत होता.

एक मेत्सो गायला. एकच. म्हातारा असावा, मधेच अडखळत होता. मी तासभर थांबलो, दुसरा काही बोलला नाही. निदान तो कुठे उतरतो ते बघू म्हणून घासणी सुरू झाली की दोन पावलं, अशी चाल मी सुरू केली. गुडघे दुखत होते, तरी पाय विसरले नव्हते.

पाचव्या की सहाव्या खेपेला मला मागे आवाज ऐकू आला. माझ्या दोन पावलांबरोबर कुणाची तरी दोन पावलं, बर्फ चुरडत.

मी थांबलो. तोही थांबला.

गावातला कुणी शिकारी असेल. पण मेत्सो गात असताना मान वळवायची नाही, हा बापाचा नियम. मी वळलो नाही. पुन्हा घासणी. माझी दोन. त्याची दोन.

आणि एक तिसरं.

"गाढवा," मी पुटपुटलो. तोंडातून आपोआप निघालं. निघाल्यावर मानेवरचे केस उभे राहिले.

मेत्सो उडाला. फांदीवरचा बर्फ भसकन खाली आला. तेव्हा मी वळलो. पाइनची खोडं, निळसर उजेड, आणि नव्या बर्फावर पावलांची एकच रांग. माझी.

मग मला राग आला. भीतीपेक्षा राग मला सोपा जातो. म्हातारा उडाला होता, जमिनीवर एकही रेघ नव्हती, आणि नऊ वाजता बाई येणार होती. मी बर्च झाडाची लांब फांदी तोडली.

हो, मी खोट्या खुणा काढल्या. लाज वाटत नाही. मेत्सो पंख खाली सोडून चालतो तेव्हा पावलांच्या दोन्ही बाजूंना पंखांची टोकं कमानीसारख्या रेघा ओढतात. पडलेल्या खोडावर आडवा होऊन, माझं पाऊल उमटू न देता, मी फांदीने रेघा ओढल्या. मधली पावलं हातमोजा काढून तीन बोटांनी दाबली. एका खोडाजवळ एक, खडकाजवळ दुसरी, उन्मळलेल्या मुळांपाशी तिसरी. बोटं बधीर झाली. तीन. कचेरीला तीन हवे होते, घ्या तीन.

हेन्रिक्का नऊला आली. मी तिला खोडाजवळची दाखवली. तिने वाकून फोटो काढला. खडकाजवळची. मुळांपाशची. मी म्हणालो, "झालं. चल, कॉफी घेऊ."

"काका, थांबा ना. पुढे तर कितीतरी आहेत!"

ती मोकळ्या दलदलीकडे बोट दाखवत होती. तिथे खोड नाही, खडक नाही, हात लांबवून पोचावं असं काही नाही. कोऱ्या बर्फावर रेघांच्या जोड्या होत्या, सुबक, माझ्यापेक्षा कितीतरी सुबक. जवळपास माणसाचं पाऊल नव्हतं.

तिने आठ मोजल्या. वहीत एकूण अकरा लिहिलं. "रान वाचलं, काका! एवढा मोठा नाच अख्ख्या जिल्ह्यात नसेल. तुम्ही रडताय की काय?"

"वारा आहे."

"वारा कुठाय?" ती पुन्हा वाकली. "एक गंमत बघितलीत? या आठांचं मधलं बोट आखूड आहे. सगळ्यांचं. एका पेराने. एकाच घरातले दिसतात."

बहात्तर साली यॉटेबोर्गहून ओइवाचं पत्र आलं होतं. यंत्राने उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं एक पेर कापलं, बाकी मजेत आहे, आईला सांगू नकोस. मी आईला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही.

"हो," मी म्हणालो. "एकाच घरातले."

ती फोटो काढत पुढे गेली. मी गुडघ्यावर बसलो. खोडाजवळच्या माझ्या खुणा मी नुकत्याच पाहिल्या होत्या. बोटांच्या उबेने तळाचा बर्फ वितळून पुन्हा गोठला होता, काचेसारखा. इथे मी एका पावलात बोट घातलं. तळाला काच नव्हती. बर्फ कोरडा होता, पिठासारखा. ज्या बोटांनी तो दाबला होता, त्यांना ऊब नव्हती.