एकसष्टावा सेकंद

सुटपकडीच्या पाकळीच्या डाव्या कोपऱ्यावर अकरा मिलिमीटर लांबीचा निळा ओरखडा होता. रंग लावलेला नव्हता, कशावर तरी घासून लागलेला होता, आणि कोपरा दोन मिलिमीटर आत वाकला होता. डॉ. अनघा सबनीस हिने हे चौदा महिन्यांपूर्वी मोजलं होतं. तेव्हापासून ती वस्तू प्रयोगशाळेतल्या तिच्या खणात, हातमोज्यांच्या खाली पडून होती.

चंद्रावरच्या चौथ्या वसाहतीत चारशे माणसं राहत होती. त्यांतल्या तेवीस जणांना अग्निबाण उडवायचा छंद होता, आणि हे तेवीस जण दुसऱ्या कोणत्याही कामात फारसे उपयोगी नाहीत असं अनघाचं मत होतं. त्यांनी मंडळ काढलं होतं. मंडळाला टोपी होती, ती शिरस्त्राणाच्या आत घालत, म्हणजे ती कोणाला दिसत नसे. नियमपुस्तिका त्यांनी पृथ्वीवरच्या एका हौशी मंडळाकडून जशीच्या तशी आणली होती. तिच्यात वाऱ्याचा वेग तपासायचं कलम होतं. अध्यक्ष श्रीरंग मोहिते प्रत्येक उड्डाणाआधी ते गंभीर आवाजात वाचत आणि 'वारा शून्य' अशी नोंद करत. चंद्रावर हवाच नाही.

सुटपकडीची हौसही त्याच पुस्तिकेतून आलेली. पृथ्वीवर अग्निबाण सुरुवातीला सावकाश निघतो. त्याच्या पंखांना हवेचा आधार मिळेपर्यंत त्याला सरळ ठेवायला एक उभा रूळ लागतो, आणि रुळाला धरून राहायला बाणाच्या अंगावर छोट्या पकडी लागतात. पुढे याच पकडी हवेत अडथळा करतात. म्हणून रूळ संपताच स्प्रिंगने दोन पाकळ्यांत उघडून गळून पडणारी पकड निघाली, ती सुटपकड. चंद्रावर पंख शोभेचे. बाणाला सरळ ठेवतात त्या वायूच्या बारीक तोट्या. पकड अंगावर राहिली तर काहीही बिघडत नाही.

"अडथळा कसला होणार, मोहिते? हवा कुठे आहे?" अनघाने दोन वर्षांपूर्वी विचारलं होतं.

"मॅडम, शास्त्र तुमच्याकडे. शोभा आमच्याकडे." मोहिते हसले होते. "रूळ सोडताना दोन्ही पाकळ्या कशा झटकन उघडल्या पाहिजेत. कमळासारख्या."

अनघाने एका जेवणाच्या सुट्टीत आराखडा केला. थंडीत प्लास्टिक तडकतं म्हणून ॲल्युमिनियम घेतलं, प्रत्येक पाकळी साठ ग्रॅम. कमळ हवं होतं म्हणून स्प्रिंग कडक बसवली. गणित केलं नाही. अशा पोरखेळासाठी गणित करणं तिला कमीपणाचं वाटलं.

नंतर, ओरखडा पाहिल्यावर, तिने ते केलं. चार ओळींचं होतं. रूळ सोडताना बाणाचा वेग सेकंदाला एकोणपन्नास मीटर, म्हणजे सुटलेल्या पाकळीचाही तेवढाच. पृथ्वीवर ती दहा सेकंदांच्या आत पडली असती आणि हवेने तिचा जोर मारला असता. चंद्राची ओढ सहापट कमी आणि जोर मारायला हवा नाही. तिथे पाकळी पाऊण किलोमीटर वर जाते, थांबते आणि ज्या वेगाने गेली त्याच वेगाने खाली येते. एवढ्यात स्प्रिंगने दिलेला बाजूचा धक्का तिला दोनशे मीटर दूर नेतो. पुस्तिकेनुसार प्रेक्षक दोनशे मीटरवर उभे राहत. उड्डाणापासून जमिनीपर्यंत वेळ, एकसष्ट पूर्णांक दोन सेकंद. तोवर सगळे बाणाकडे बघत असतात.

निवास लोणकर हा भोजनगृहातला स्वयंपाकी. चौदा महिन्यांपूर्वीच्या उड्डाणाला तो प्रेक्षकांत उभा असताना त्याच्या पोशाखाची मानेमागची हवेची निळी नळी कापली गेली आणि तो मेला. चौकशी समितीत मोहिते होते. नळी जुनी होऊन तडकली, मृताने तिची निगा राखली नव्हती, असा निष्कर्ष निघाला. गोळा करताना एक पाकळी कमी भरली, याची कोणी दखल घेतली नाही. ती निवासपासून चार पावलांवर अनघाला सापडली होती.

आता शनिवारी पहिला 'लोणकर सुरक्षा चषक' होता. ज्याचा अवकाश-पोशाख सर्वांत नीट ठेवलेला, त्याला चषक. मोहित्यांना ही कल्पना फार हृदयस्पर्शी वाटत होती.

"सुटपकडीचे बारा नवे नग द्या," ते म्हणाले. "आणि उड्डाणाला मंजुरी तुम्हीच द्यायची. अभियंत्याचा परवाना तुमच्याकडे आहे, आम्ही बापडे हौशी."

अनघाने या वेळी स्प्रिंग मऊ बसवली. पाकळ्या रुळाच्या पायाशी पडल्या असत्या. झालं तेवढं पुरे, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. तोंड उघडलं तर परवाना जाणार होता. परवाना गेला की काम जातं, काम नाही त्याला वसाहतीत जागा नाही, आणि अकरा वर्षं इथल्या हलक्या वजनावर जगलेली तिची हाडं पृथ्वीवर तिला उभं राहू देणार नव्हती.

शुक्रवारी शकुआक्का आली. निवासची थोरली बहीण, भाजीच्या दालनात काम करायची. हातात कागद होता.

"मॅडम, मोहित्यांनी हे लिहून दिलंय, मला उद्या वाचायचंय. एक शब्द बदलून मिळंल का? तुमचं ऐकतील ते."

"कोणता?"

"निष्काळजीपणा." आक्काने कागद पुढे केला. "विसरभोळा होता तो. मीठ दोनदा घालायचा. पण नळी रोज पुसायचा, मॅडम. मी चिडवायचे, बायको केली असतीस तर तिला एवढं जपलं नसतंस."

अनघाने कागद वाचला.

"तडकलेली नळी अशी सरळ कापल्यागत दिसती का?" आक्काने विचारलं. "विळीवर धरल्यावानी?"

"त्या वेळी तो काय करत होता?"

"मोजत होता. लहानपणी कराडला आम्ही विहिरीत दगड टाकून मोजायचो, आवाज यायला किती वेळ लागतो ते. तीच खोड. 'आक्का, बाणातनं काहीतरी चकचकीत सुटलं, खाली कधी येतंय बघतो' म्हणाला. मग उन्हात दिसंना, तर पाठ फिरवली. मोजणं चालूच."

"कितीपर्यंत मोजलं?"

"एकसष्ट."

तेवीस हौशी, एक समिती आणि एक डॉक्टरेट. ज्या प्रश्नाची कोणालाही गरज वाटली नव्हती तो एका स्वयंपाक्याला पडला होता, आणि त्याचं उत्तर एका सेकंदाच्या आत बरोबर आलं होतं. मोहित्यांबद्दलचा आपला तिरस्कार अनघाने इतकी वर्षं नीट घासूनपुसून ठेवला होता. आज पहिल्यांदाच तिला त्याची किंमत कळली.

"शब्दाचं बघते," एवढंच ती म्हणाली. आक्का आभार मानून गेली.

शनिवारी मैदानावर सगळे रेडिओच्या खुल्या वाहिनीवर होते. पोशाखात टाळ्या ऐकू येत नाहीत, म्हणून मंडळी तोंडाने 'टाळ्या, टाळ्या' म्हणत होती. पाकळ्या बसवलेला बाण रुळावर उभा होता.

"वारा शून्य," मोहिते म्हणाले. "शकुआक्का आता दोन शब्द वाचतील. मग सबनीस मॅडम मंजुरी देतील. वाचा, आक्का."

आक्काने कागद शिरस्त्राणाच्या काचेजवळ धरला. शब्द बदललेला नव्हता.

"माझा भाऊ निवास," तिने वाचलं, "याचा मृत्यू त्याच्या स्वतःच्या..."

ती थांबली. चारशे माणसांच्या कानांत फक्त तिचा श्वास ऐकू येत होता.

"वाचा ना, आक्का," मोहिते हळुवारपणे म्हणाले. "सोपं आहे."

"मंजुरी नाही," अनघा म्हणाली. "आक्का, तो कागद खाली ठेवा. नळी चांगली होती. निवासला मी बनवलेली पाकळी लागली. ती कुठे पडेल याचं गणित चार ओळींचं होतं, आणि ते मी केलं नव्हतं."