परत येण्याचं कारण

"फेली, मयताहून थेट घरी नाही यायचं गं. वाटेत कुठेतरी टेकायचं. बेकरीत, कुणाच्या ओट्यावर, कुठेही. मागे लागलेलं तिथं झटकायचं आणि मगच आपला उंबरा ओलांडायचा."

आईला जाऊन वीस वर्षं झाली, तरी मारिकिना शहरातल्या त्या रस्त्यावरून मयताची गाडी गेली की फेलिसिदादच्या कानात हा आवाज येई. गाड्या तर रोजच जात. तिच्या दुकानाला लागूनच ते घर होतं, जिथं मयतांना चार-पाच दिवस ठेवून त्यांच्याभोवती जागायचं असतं.

दुकान व्हिसाचं. पर्यटनाला किंवा आपल्या माणसाला भेटायला परदेशी जाणाऱ्यांचे कागद फेलिसिदाद नीट लावून द्यायची. काचेच्या दारामागे टेबल, टेबलासमोर एक खुर्ची, भिंतीलगत लांब बाक. दोन्हींवर तपकिरी रेक्झिनच्या जाड, जुन्या गाद्या. बसलं की त्या खोल खचत, आणि माणूस उठला की सुस्कारा सोडल्यासारखा आवाज करत हळूहळू वर येत. टेबलावर आंतिपोलोच्या मातेची, सुखरूप प्रवासाच्या मातेची, छोटी मूर्ती. सकाळी तिच्यापुढे मेणबत्ती लावून जपमाळ पुरी केल्याशिवाय फेलिसिदाद फोनही उचलत नसे.

शेजारून लोक यायचे. घरी जाण्याआधी टेकायचे. कुणी कोरियाचं भाडं विचारी, कुणी पंख्याखाली मुकाट बसे, आणि थोड्या वेळानं हलक्या पावलांनी निघून जाई.

"आते, यातल्या एकानं तरी कधी तिकीट काढलंय?" दुकानात हाताखाली असलेली तिची धाकटी मावसबहीण चारिंग कुरकुरायची; ताईला तिथं 'आते' म्हणत. "झटकायला येतात नि जातात. त्यांचं ते मागे लागलेलं राहतं आपल्या बाकावर!"

"बसू दे गं. टेकायला जागा देणं हेही पुण्यच."

आलिंग सेपा, म्हणजे सेपामावशी, मात्र खरी गिऱ्हाईक होती. चपला शिवणारी म्हातारी, बोटांना कायम चिकटवायच्या गोंदाचा उग्र वास. मुलगी मरिसेल जपानात, नागोयाला. लग्नानंतर अकरा वर्षांनी दिवस गेलेले, आणि डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही म्हणून सांगितलेलं. पोर रोज फोनवर रडायची, 'आई, तू ये.' आणि वकिलात दोनदा नाही म्हणाली होती.

"परत येण्याचं कारण दिसत नाही, म्हणतात," फेलिसिदादनं समजावलं होतं. "घर, जमीन, काहीतरी नावावर लागतं हो. म्हणजे त्यांना वाटतं, ही तिकडेच राहणार नाही."

"जमीन?" म्हातारी बोळक्या तोंडानं हसली. "अगं, घर भाड्याचं, मशीन भाड्याचं. नवरा तेवढा स्वतःचा होता, तोही पळाला."

मग हसणं थांबलं. तिनं पिशवीतून मुठीत मावतील एवढे चामड्याचे बूट काढले. टाके इतके बारीक की दिसू नयेत. "माझ्या हातानं घालायचेत गं त्याच्या पायात. तू पोचव मला."

फेलिसिदाद दर वसंतात एक जथा घेऊन जपानला फुलं बघायला जायची. ती मूर्तीकडे बघून म्हणाली, "माझ्याबरोबरच नेईन. मरिसेलच्या दारात उभं करीन तुम्हाला."

तिसरा अर्ज गेला. पासपोर्ट वकिलातीत असतानाच एका पहाटे आलिंग सेपा झोपेत गेली. चार दिवस शेजारच्याच घरात तिच्याभोवती माणसं जागली, पत्ते खेळली, बिस्किटं नि कॉफी झाली. मरिसेलनं फोनच्या पडद्यावरून आईला पाहिलं. पाचव्या दिवशी टेकडीवरच्या दफनभूमीत, बाभळीसारख्या एका पसरट झाडाखाली, पुरलं. तेवढी जागा म्हातारीनं चपला शिवता शिवता हप्त्यांनी घेऊन ठेवली होती. कुणाला ठाऊकही नव्हतं.

तिथून फेलिसिदाद निघाली तेव्हा पाय सुजले होते. बेकरी बंद. आणखी कुठे जायचं त्राण नव्हतं. दुकान म्हणजे काही घर नव्हे, असं मनाशी म्हणून तिनं कुलूप उघडलं, घोटभर पाणी प्याली, आपल्याच टेबलाशी थोडी टेकली आणि मग नदीपलीकडे घरी गेली. दुसऱ्या दिवशी दुकान बंदच ठेवलं. चारिंगला घेऊन आंतिपोलोला गेली, म्हातारीच्या नावानं मेणबत्ती लावून आली.

त्यानंतरच्या सकाळी चारिंगनं दार उघडलं आणि नाक मुरडलं.

"गोंद सांडलाय का गं कुठे?"

काही सांडलेलं नव्हतं. पंखा लावला, दार उघडं ठेवलं. वास काही गेला नाही. समोरच्या खुर्चीची गादी खचलेलीच होती. फेलिसिदादनं तिच्यावर हात ठेवला. रेक्झिन कोमट होतं.

"ऊन येत असेल," ती म्हणाली. त्या भिंतीला ऊन येत नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं.

दहाच्या सुमाराला एक शिक्षिका अर्ज घेऊन आली. खुर्ची मोकळी असून ती उभीच राहिली.

"बसा ना, बाई."

"नको, त्यांचं होऊ दे आधी," ती सहज म्हणाली. मग खुर्चीकडे नीट बघितलं, ओशाळली, आणि उद्या येते म्हणून निघून गेली.

दुपारी फोन वाजला. ज्या कचेरीमार्फत वकिलातीत अर्ज जायचे, तिथली ओळखीची कारकून होती.

"आते फेली, तोंड गोड करा! तुमच्या म्हातारीचं काम झालं."

फेलिसिदादनं डोळे मिटले. अर्ज मागे घ्यायचा राहूनच गेला होता. "बाई गं, ती—"

"काल साहेबांनी स्वतः फोन केला होता चौकशीला. तुमच्याच दुकानाच्या नंबरावर. काय गोड बोलते हो! साहेबांनी विचारलं, परत येण्याचं कारण काय. तर म्हणाली, जमीन आहे. लहानशीच आहे, पण सगळे हप्ते फेडलेत, माझ्या नावावर आहे. वर मोठं झाड आहे, सावली पडते. म्हणाली, तिथं नाही परतले तर जाणार कुठे? साहेब हसले आणि शिक्का मारला. तुम्ही आधी का नाही लावलात त्या जमिनीचे कागद?"

"ठाऊक नव्हती तेव्हा," फेलिसिदाद म्हणाली.

फोन ठेवून तिनं ऐकलेलं सगळं चारिंगला सांगितलं. चारिंग भिंतीला पाठ लावून उभी होती.

"पाद्रींना बोलावू या, आते. पाणी शिंपडतील, जाईल ती."

"कुठे जाईल?"

"जिथं जायचं तिथं!"

"जिथं जायचं तिथला व्हिसा आलाय तिचा." फेलिसिदादनं थकून चष्मा काढला. "मी शब्द दिलाय गं. या मूर्तीसमोर."

चारिंग त्या दिवसापासून आली नाही.

उरलेले दिवस फेलिसिदादनं एकटीनं दुकान चालवलं. सकाळी कॉफीचे दोन कप ओती, एक खुर्चीसमोर ठेवी. संध्याकाळी तो गारच सापडे, वर साय धरलेला. शेजारची माणसं येत, बाकावर टेकत, निघून जात. तिला त्यांच्याकडे बघायचाही कंटाळा येई. तीस वर्षं हेच. आलेल्यांना पाठवायचं, आपण मागे उरायचं.

निघायचा दिवस आला. जथ्यातली माणसं थेट विमानतळावर भेटणार होती. भर दुपार, रस्त्यावर टॅक्सी उभी. तिनं पिशवीत दोन पासपोर्ट ठेवले, वर ते छोटे बूट. पंखा बंद केला. मेणबत्ती विझवली. दार उघडून ती उंबऱ्यावर थांबली.

परक्या जागेतून निघताना आपल्या माणसाला हाक मारायची असते, नाहीतर त्याचा जीव तिथंच रेंगाळतो. हेही आईनंच शिकवलेलं. फेलिसिदाद मागे न वळता हळू आवाजात म्हणाली,

"चला. निघायचंय आता. मागे राहू नका."

खुर्चीच्या गादीनं सुस्कारा सोडला.

गोंदाचा वास तिच्या खांद्याला घासून बाहेर गेला. फेलिसिदादनं दार ओढायला हात घातला.

तेवढ्यात बाकाच्या टोकाची गादी सुस्कारली.

मग तिच्या शेजारची.

मग तिच्या पलीकडची.

तिनं मागे पाहिलं नाही. हात दारावर तसाच ठेवला, अंग जरा बाजूला घेतलं, आणि सगळे बाहेर पडेपर्यंत दार उघडं धरून उभी राहिली.