दमशामक

हिमालयात, स्पितीच्या त्या पठारावर धावण्याच्या शिबिरातल्या मुली बाराही महिने धावत आणि एकीलाही धाप लागत नसे. धापा टाकत होत्या त्या एकट्या मंदाताई. म्हसवडहून लेकीला भेटायला आलेल्या या बाईंना अंगणात यायचं तरी नाकाला प्राणवायूची नळी लावावी लागे.

विरळ हवेत राहिलं की शरीर तांबड्या पेशी वाढवतं. लांब पल्ल्याच्या धावपटूला त्या हव्याच असतात. पण तिथे दम इतका लागतो की जोरकस सराव होत नाही, म्हणून पूर्वीचे खेळाडू मध्येच खाली उतरत. दमशामकाने ती कटकट संपवली. आपल्या मानेतल्या धमनीजवळ तांदळाच्या दाण्याएवढी गाठ असते. रक्तातला प्राणवायू घटला की ती मेंदूला कळवते आणि आपला जीव घाबरा होतो. मेंदूच्या तळाशीही असेच पहारेकरी असतात. दमशामक हे औषध त्या सगळ्यांना गप्प बसवतं. पहिल्या डोसचा परिणाम वर्षभर टिकतो, दुसऱ्याचा जन्मभर.

सतरा वर्षांच्या प्रणिताला उद्या दुसरा डोस मिळणार होता. फक्त आईचा होकार बाकी होता.

दुपारी प्रणिताला झोप लागली. मंदाताई कौतुकाने बघत बसल्या होत्या, तेवढ्यात लेकीची छाती हलायची थांबली. त्या ओरडणार, तोच पोरीच्या मनगटावरचा पट्टा थरथरला आणि तिने श्वास घेतला.

त्यांनी शिबिराच्या डॉ. कर्णिकांना हाताला धरूनच खोलीत आणलं.

"झोपेत श्वास घ्यायला विसरतात या मुली," डॉक्टर म्हणाले. "पट्टा आठवण करून देतो. जागेपणी धोका नाही."

"जागेपणी श्वास कोंडला, तर कळंल का तिला?"

"पट्ट्यावर आकडे दिसतात ना!"

"आकड्यांचं नाय इचारलं. तिला कळंल का?"

डॉक्टर पट्ट्यावरचे आकडे बघू लागले.

प्रणिता उठून बसली. "आई, उगं घाबरतीस. खाली मी चार पोरींसारखीच. हितं माझ्याम्होरं कुणी नाय. हो म्हण की!"

मंदाताईंनी तिला जवळ घेतलं आणि तिच्या नाकातोंडावर तळहात घट्ट दाबला. लहानपणी अंघोळीत नाकात पाणी गेलं तरी ही पोर बोचकारायची. आता ती झटकेल, ढकलेल, म्हणून त्या वाट बघत राहिल्या.

प्रणिता हललीसुद्धा नाही. तिची नखं निळी पडायला लागली, पट्टा थरथरत राहिला, डॉक्टर पुढे धावले. मंदाताईंनीच घाबरून हात काढला.

पट्ट्याच्या आज्ञेने प्रणिताने श्वास घेतला आणि आईच्या कुशीत डोकं टेकवलं.

"का काढलास गं हात? बरं वाटत व्हतं."