शहाळ्यांची पिशवी

मानवी शरीर हे निसर्गाने घडवलेलं सर्वांत अचूक यंत्र आहे. निदान दिशाच्या संगणकात तरी होतं — केदार राऊत त्यात शिरेपर्यंत.

दिशाची बोईसरची कंपनी कृत्रिम सांधे बनवायची. धडधाकट माणसांना चालवून, कुठल्या हाडावर किती जोर येतो ते संगणकात मांडायचं, हे दिशाचं काम. त्या दिवशी चालायला ठरलेला मितेश तापाने पडला आणि त्याच्याऐवजी जवळच्या माहीमच्या नारळाच्या वाडीतला त्याचा मित्र केदार आला. उंच, सावळा, आणि हसला की... दिशाने घाईने नजर पडद्याकडे वळवली.

ती त्याच्या गुडघ्यावर कॅमेऱ्यासाठीची चकाकती टिकली चिकटवू लागली.

"घाबरलात काय, मॅडम?"

"मी कशाला?"

"मग बोटं कापतात ती?"

"एसी आहे. सरळ चाला."

तो चालला. कॅमेऱ्यांना फक्त टिकल्या दिसत होत्या, जमिनीतल्या वजनकाट्याला फक्त वजन. आणि दिशाने पडद्यावरून डोळे हलवलेच नाहीत.

संध्याकाळी उत्तर आलं. डाव्या खुब्यावर भलताच जोर. हाड पडद्यावर लालभडक. दोन दिवस ती तेच आकडे पुन्हा पुन्हा पडताळत राहिली. शेवटी तिने फोन केला.

"माडावर चढू नका. खुबा... तडकेल कदाचित."



"वाडी मग कोण बघंल? आणि माई मुलगी बघतेय माझ्यासाठी. तिला काय सांगू?"

मुलगी बघतेय. दिशाला एकाएकी खुब्यापेक्षा हेच जास्त लागलं.

"उद्या या. परत तपासू."

तो आला तो उजव्या हातात फुगलेली पिशवी घेऊन.

"हे काय?"

"शहाळी. रिकाम्या हाताने जायचं नाय, माईचं म्हणणं. मागल्या खेपेलापण आणली होती."

"मग दिली का नाहीत?"

"तुमी बघतच नव्हता माझ्याकडे. लाज वाटली... परत घरी नेली. माईने काय कमी ऐकवलं?"

दिशाच्या डोक्यात काहीतरी हललं. "चालताना पिशवी कुठे होती?"

"हातात. सरळ चाला म्हणालात. पिशवी ठेवा असं नाय म्हणालात."

दिशा खुर्चीत बसली. उजव्या हातातलं ओझं डाव्या खुब्याला उचलावं लागतं, हे ती नव्या मुलांना पहिल्याच दिवशी शिकवायची. संगणकाने ते सगळं ओझं केदारच्या अंगातलंच धरलं होतं. ती हसायला लागली, आणि हसता हसता तिला डोळे पुसावे लागले.

"म्हणजे खुबा...?"

"ठणठणीत आहे."

केदारने श्वास सोडला. "मग माईला सांगतो, बघ मुलगी."

"नको. थांबवा म्हणावं."

"का? आता तर मी धडधाकट हाय."

"म्हणूनच."

केदारने पिशवी तिच्या टेबलावर ठेवली, अगदी हळू.

"आता कुठे बघून चालू?"

"इकडे... माझ्याकडे."

तो चालला, मोकळ्या हातांनी. या खेपेला दिशाने पडद्याकडे एकदाही पाहिलं नाही.

त्यामुळे कॅमेरे बंद होते, हे कळलं नाही. चाचणी तिसऱ्यांदा घ्यावी लागली.