अळ्यांच्या खोलीला गोधडी

साल २०६३. जालन्याजवळच्या त्या गावात एप्रिलमध्येच पारा पंचेचाळीसवर चढला होता आणि राहीच्या दोनशे रेशीमअळ्यांनी जेवण सोडलं होतं. तिनं तुतीची कोवळी पानं पुढ्यात ठेवली, लाडीगोडी लावली, दटावलं. 'मोठी काकू' नावाच्या जाडजूड अळीनं तर चक्क तोंड फिरवलं.

"त्यांना अठ्ठावीसच्या वर सोसत नाही गं," कुसुमआत्या म्हणाली. ती पदार्थविज्ञानाची शास्त्रज्ञ, सुट्टीला गावी आलेली. "खोलीत चौतीस आहे. दोन दिवसांनी कोष विणायची वेळ. उपाशीपोटी विणणार कशा? जगल्या तरी पुष्कळ."

राहीनं भिंतीला हात लावून पाहिला. "पण भिंती तर हातभर जाड मातीच्या आहेत! सकाळी गार असतात, मग संध्याकाळी तव्यासारख्या का तापतात?"

"मातीचं पोट मोठं. ऊन खात राहते, पण पटकन तापत नाही. याला म्हणतात उष्णताधारण (उष्णता पोटात साठवून ठेवणं). पण दिवसभर उन्हात उभं केल्यावर तेही पोट भरणारच. मग ती खोलीत उष्णता सोडते."

"आणि खळ्यातल्या त्या काडाच्या गासड्या?"

"गव्हाचं काड आतून पोकळ. त्यात अडकलेली हवा हलत नाही, म्हणून उष्णता पलीकडे जायला फार वेळ लावते. काड उष्णतारोधक (उष्णतेची वाट अडवणारं) असतं."

आत्या पुढं काही सांगणार होती, पण राही केव्हाच पळाली होती. थंडीत ती मऊ गोधडी अंगालगत घ्यायची आणि वरून जाड घोंगडी. खोलीलाही तसंच, आतून मऊ काड आणि बाहेर जाड भिंत! तिनं गवंड्याला, म्हणजे बांधकामाच्या यंत्रमानवाला, सगळ्या गासड्या भिंतींना आतून लावायला सांगितल्या.

"राहीताई, मी गवंडी आहे. अंथरुणं घालणं माझ्या कामात बसत नाही," गवंड्या कुरकुरला. पण त्यानं तासाभरात काम उरकलं.

दुपारी खोलीत छत्तीस! उन्हाळा जणू आत येऊन मांडी घालून बसला होता. अळ्यांवर ओलं गोणपाट टांगून राही रडकुंडीला आली.

"आधीपेक्षा जास्त कसं झालं?"

आत्यानं हसू दाबलं. "पानं घालायला दिवसातून पाच वेळा दार उघडतेस. दर वेळी गरम हवा आत येते. आधी ती उष्णता माती थोडी तरी गिळायची. आता मातीवर काड. काड काही गिळत नाही. बरं, बाहेरून माती ऊन खातेच आहे. मला सांग, बर्फवाला भुसा कुठं लावतो?"

"बर्फाच्या बाहेरून."

"मग आपला बर्फ कोणता?"

राहीनं इकडेतिकडे पाहिलं, दोन गासड्यांमधल्या फटीत हात घातला आणि मातीला तळवा टेकवला. "भिंत! पहाटे गार झालेली भिंत! म्हणजे गोधडी खोलीच्या आतून नकोय, भिंतीला बाहेरून हवीय. गवंड्या, सगळं बाहेर काढ!"

"आत्ताच तर आत लावलं!"

"माझंच चुकलं. काढ ना रे!"

गवंड्यानं खोलीला बाहेरून गासड्या रचल्या, छपरावरही चढवल्या. वर मातीचा गिलावा दिला, म्हणजे उंदीर शिरणार नाहीत आणि ठिणगी पडली तरी काड पेटणार नाही. रात्री राहीनं खिडक्या सताड उघडल्या. रात्रभराच्या गार वाऱ्यात भिंतींनी साठवलेली उष्णता सोडून दिली. ऊन वर येताच तिनं खिडक्या लावल्या.

दुपारी बाहेर पंचेचाळीस. राहीनं एक डोळा मिटून तापमापक पाहिला. साडेसत्तावीस! तिनं दोन्ही डोळ्यांनी पुन्हा पाहिलं. साडेसत्तावीसच.

गवंड्यानं मान वाकडी केली. "राहीताई, आत पाऊस पडतोय का?"

पाऊस कसला! दोनशे अळ्या पानं कुरतडत होत्या, त्याचीच ती सरसर. राही आत्याच्या गळ्यातच पडली.

आत्यानं वहीवर राहीच्या शाळेचा नकाशा काढला. "ऊन खाणारी पश्चिमेची भिंत आधी. मग छप्पर. पुढच्या उन्हाळ्यात तुमचे वर्गही असेच गार. गासड्या मोजशील का, राही?"

"नंतर!" राही टोपली घेऊन तुतीकडे धावली. "दोनशे जणी पंगतीला बसल्यात आणि वाढायला मी एकटी! गवंड्या, चल पटकन!"